यादीत ‘जमा’, आजीच्या तोंडी ‘नाही’

सरकारी योजनांचा लाभ कोणाला मिळतो याच्या आमच्या अभ्यासातल्या तक्त्यातली ती एक ओळ होती. डावीकडे सर्वेक्षणातला प्रश्न, ‘गेल्या १२ महिन्यांत सामाजिक सुरक्षा पेन्शन मिळाली का?’ आणि उत्तर ‘नाही’. उजवीकडे तालुक्याच्या लाभार्थी यादीतून आलेली नोंद, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, लाभार्थी चालू, रक्कम जमा. मधे आम्हीच घातलेला ‘जुळणी’ नावाचा रकाना, त्यात १. म्हणजे आमच्या मते दोन्ही बाजूंची बाई एकच.

असा उलटसुलट प्रकार आणखीही ओळींत होता. हीच ओळ लिहायला घेतली, कारण त्या घरी मी स्वतः तीनदा गेले आणि प्रत्येक वेळी त्या ‘नाही’चं वेगळं कारण घेऊन परतले.

गाव सिंधुदुर्गातलं, समुद्रकाठचं. नाव सांगत नाही. घरं किती, जुळण्या किती लागल्या, किती फसल्या हेही सांगत नाही. चार वाड्यांच्या गावात ‘ऐंशीच्या पुढच्या, वेगळी चूल असलेल्या, श्रावणबाळ घेणाऱ्या विधवा: २’ असं छापलं की एसटी स्टँडवरचं शेंबडं पोरही दोन्ही घरं दाखवील. नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, हा शहरातला समज आहे. गावात आकडाच नाव सांगतो.

दोन वह्या कशाला जोडायच्या

सरकारी योजनांचा लाभ किती लोक घेतात हे शोधायच्या दोन वाटा. एक, लोकांना विचारायचं. दोन, सरकारची वही बघायची. विचारलं तर माणूस विसरतो, लाजतो, घाबरतो, किंवा प्रश्नच त्याला कळत नाही. वहीत बघितलं तर कोणाला किती पाठवलं ते कळतं, पण त्या घरात चूल कशी पेटते, मुलगा मुंबईहून काही पाठवतो का, औषधाला किती जातं, आणि मुख्य म्हणजे ज्याला मिळायला हवं होतं पण मिळालं नाही असा माणूस कोण, यातलं काहीच कळत नाही. ज्याने अर्जच केला नाही तो वहीत नसतोच.

म्हणून दोन्ही वह्यांतल्या एकेका माणसाच्या ओळी शेजारी-शेजारी आणायच्या. निव्वळ बेरजा शेजारी ठेवण्याचा प्रकार आपल्याकडे जुना आहे. गोदामातून रेशनवर किती धान्य उचललं गेलं आणि एनएसएसच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात लोकांनी रेशनवर किती घेतल्याचं सांगितलं, या दोहोंतल्या फरकाला ‘गळती’ म्हणायचं. त्या हिशेबाने २००४-०५ साली देशभरात सुमारे ५४ टक्के आणि २०११-१२ साली सुमारे ४२ टक्के गळती निघाली होती. आकडा मोठा आणि उपयोगाचा. पण धान्य कोणाच्या पानातून गेलं हे बेरजेतून दिसत नाही. त्यासाठी माणसाला माणूस जोडावा लागतो.

अमेरिकेत हे बऱ्याच प्रमाणात झालं आहे. तिथल्या, गरिबांना अन्नासाठी मदत देणाऱ्या फूड स्टँप योजनेची सरकारी नोंद तीन मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणांना जोडली, तेव्हा लाभ घेत असूनही ‘घेत नाही’ असं सांगणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण निघालं सुमारे २३, ३५ आणि ५० टक्के. तिन्ही सर्वेक्षणं सरकारीच. त्यातल्या ५० टक्केवाल्यात आधीच्या अख्ख्या कॅलेंडर वर्षाबद्दल विचारतात, २३ टक्केवाल्यात तेव्हा दर चार महिन्यांनी विचारत.

आमच्या प्रकल्पाचे सर पुण्याचे. त्यांनी तक्त्यातली ही ओळ बघितली आणि म्हणाले, “ही बघा, सरळ सरळ अंडर-रिपोर्टिंग, मिळालेलं न सांगणं. आधीच्या अभ्यासांत आहे तसंच.” मीही मान डोलावली. आजी खोटं बोलली असं कोणी म्हटलं नाही, पण रकान्याचं नाव आम्ही ‘चुकीचं उत्तर’ असंच ठेवलं होतं. चूक कोणाची ते रकान्याच्या नावातच ठरून गेलं होतं.

एक नाव, दोन बायका

पहिली शंका आजीवर घ्यायची नव्हती. आधी आमच्याच ‘१’वर घ्यायला हवी होती.

आम्ही आधार क्रमांक मागितला नव्हता. आधार कायदा २०१६ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८ चा. सरकारी लाभासाठी आधार मागणं त्या निकालाने ठेवलं, खासगी वापराची वाट बंद केली. चार जणांच्या अभ्यासगटाने दारोदार आधार नंबर गोळा करत फिरावं असं आम्हालाही वाटत नव्हतं. तेव्हा जोडायला हाती काय उरलं? नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडी, वय, जन्मतारीख.

नोंदी जोडण्याचं शास्त्र तसं वयस्क आहे. हा शब्दप्रयोग १९४६ चा, संगणकाने ते करून बघितलं १९५९ च्या सुमारास, आणि १९६९ मध्ये फेलेगी आणि सन्टर या दोघांनी त्याला गणिती पाया दिला. त्याचा गाभा आपल्या आजी-आजोबांनाही पटेल असा. दुर्मिळ गोष्ट जुळली तर तिला जास्त वजन द्यायचं, सगळीकडे आढळणारी जुळली तर कमी. मुंबईच्या यादीत ‘तांडेल’ जुळलं तर काहीतरी जुळलं. तांडेलवाडीत ‘तांडेल’ जुळलं म्हणजे काहीच जुळलं नाही.

इथे कोकणाची खोड आडवी येते. एका वाडीत एकच आडनाव. लग्नात बाईचं नाव बदलण्याची रीत, त्यामुळे मागच्या पिढीतल्या बाईला माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं, आणि कोणत्या कागदावर कोणतं हे त्या दिवशी कागद भरायला बसलेल्यावर अवलंबून. रेशनकार्डावर देवनागरीत, बँकेत इंग्रजीत. ‘लक्ष्मी’ इंग्रजीत लिहिताना कोणी एक्स घालतो, कोणी केएसएच. ‘विठ्ठल’मधला एक टी कधी गळतो, कधी उगवतो. एका यादीत ‘बाई’ जोडलेलं, दुसरीत सोडलेलं. नावाच्या उच्चारावरून सांकेतिक अक्षर-आकडे काढणारी परदेशी रीत आम्ही चालवून बघितली, तिने वाडीतल्या निम्म्या बायका एकाच पोत्यात भरल्या.

जन्मतारखेवर भिस्त ठेवावी, तर यादीत एकामागून एक १ जानेवारी. आधार काढताना जन्माचा दाखला नसेल आणि माणसाने नुसतं वय सांगितलं, तर तारीख १ जानेवारी पडते. इथल्या सत्तरीपुढच्या बायकांत १ जानेवारी इतकी की परक्या माणसाला वाटावं कोकणात तेव्हा वर्षातून एकदाच बाळंतपणं होत असत.

तर आमची आजी. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि आडनाव जसंच्या तसं असलेली आणखी एक बाई त्याच गावात, पलीकडच्या वाडीत होती. दोघींचे नवरे चुलत घराण्यातले, एकाच आजोबांचं नाव दोघांना ठेवलेलं. दोघींची जन्मतारीख १ जानेवारी, साल दोन वर्षांच्या फरकाने. लाभार्थी यादीत मात्र त्या नावाची एकच ओळ, आणि वाडीचा रकाना मोकळा. संगणकाने वयाच्या जवळिकीवरून आमची आजी निवडली, आम्ही ती मान्य केली.

यावरचा इलाज पुस्तकात सोपा लिहिलेला असतो, शंकास्पद जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात. गावात तो माणूस कोण? आशाताईला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं. रेशन दुकानदाराला, पोस्टमनला, ग्रामपंचायतीच्या शिपायाला सगळ्यांना ठाऊक. पण ‘या दोघींपैकी श्रावणबाळ कोणाला मिळतं हो?’ असं विचारणं म्हणजेच तिची माहिती बाहेर फोडणं. संमतीपत्रावर आम्ही लिहून दिलं होतं की माहिती तिसऱ्या माणसाकडे जाणार नाही. तेव्हा एकच वाट उरली. थेट तिच्याच घरी जायचं.

पहिली भेट: शब्द

आजी मागच्या पडवीत राहते. पुढचं घर थोरल्या मुलाचं. चूल वेगळी. आमच्या सर्वेक्षणात घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, हीच व्याख्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत असते. म्हणून एका छपराखाली आमची दोन घरं झाली. रेशनकार्ड मात्र एकच, मुलाच्या नावावर, त्यात आजीचं नाव. धान्य पुढच्या चुलीवर येतं आणि तिथून तांदूळ मागे येतो, कधी मोजून, कधी न मोजता. सातबारा सासऱ्यांच्या पिढीपासून सामाईक, मुंबईत गेलेल्या हिस्सेदारांची नावं खाली खाली वाढत गेलेली, त्यात आजीचं नाव नाही. एकाच घराचे तीन हिशेब: सर्वेक्षणाला चूल दिसते, पुरवठा खात्याला कार्ड, महसूल खात्याला खातं. पेन्शनला नुसती बाई दिसते. यातला कोणताही दाखला दुसऱ्याला जोडायला गेलं की आधी हे ठरवावं लागतं की आपण काय कशाला जोडतो आहोत. माझ्या मते नावं जुळवण्यापेक्षा हेच काम जड, आणि अहवालात यालाच सगळ्यात कमी जागा मिळते.

चहा झाला. मी कागद काढला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजी हसली.

“पेन्शन? माका खयची पेन्शन? माजो घोव काय सरकारी नोकरेक होतो?”

मी गप्प. मग माझ्याच बोलीत विचारलं, “आजये, मगे श्रावणबाळाचे पैसे?”

“ते होय. ते येत होते.”

झालं. आमच्या पहिल्या ‘नाही’चा उलगडा दोन वाक्यांत. या भागात पेन्शन म्हणजे शाळामास्तरची, पोस्टातल्याची, गोदीतून रिटायर झालेल्याची. महिन्याला येणारी, पुरुषाच्या कमाईतून उरलेली, मानाची. तहसीलमधून येतात ते ‘पैसे’, ‘श्रावणबाळाचे’ नाहीतर ‘निराधारचे’. तहसीलमध्येही त्या टेबलाला कोणी पेन्शन शाखा म्हणत नाही, ‘संगायो’ म्हणतात, म्हणजे संजय गांधी निराधार योजना. आमच्या प्रश्नावलीत मात्र ‘सामाजिक सुरक्षा पेन्शन’ असा शब्द होता. तो इंग्रजी प्रश्नावलीतून उतरलेला होता, आणि तो उतरवणाऱ्यांत मीही होते. माझं माहेर याच जिल्ह्यातलं असून मला तो खटकला नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

आणखी एक गुंता याच योजनेत आहे. ६५ वर्षांपुढची व्यक्ती दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर तिला मिळणाऱ्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचे २०० रुपये (ऐंशीच्या पुढे ५००) असतात आणि उरलेले राज्याचे. हातात नोट एक, वहीत योजना दोन. राज्याने २०२३ साली ही मदत महिना १,००० वरून १,५०० वर नेली. सर्वेक्षणात आजी म्हणणार ‘एक’, नोंद म्हणणार ‘दोन’, आणि जोडणारा म्हणणार एक सांगायचं राहिलं.

जाताना मी रकान्यात दुरुस्ती केली, ‘नाही’चं ‘हो’. मनात समाधान होतं. दारापर्यंत आल्यावर आजी मागून म्हणाली, “येत होते, म्हटलंय. आता येनत नाय.”

दुसरी भेट: पासबुक

यादीत तर अलीकडच्या महिन्यापर्यंत ‘जमा’.

दुसऱ्या भेटीला आजीने प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, हयातीच्या दाखल्याची पावती, एक गणपतीचा फोटो. पासबुकात जुन्या नोंदी नीट होत्या, कधी महिन्याची रक्कम, कधी तीन-चार महिन्यांची एकदम. शेवटची नोंद बरीच जुनी. त्यानंतर व्याजाचे किरकोळ रुपये तेवढे.

“बँकेतलो म्हणता, आजी, पैसे इले नाय. तहसिलात म्हणतत, धाडले.” हातवारे करून तिने दोन्ही कार्यालयांमधलं अंतर दाखवलं. एसटीने ते अंतर जायला-यायला अख्खा दिवस.

इथे मला माझ्या दुसऱ्या गृहीतकाची लाज वाटली. सरकारी नोंद ही ‘खरी’ बाजू आणि माणसाचं उत्तर ही ‘तपासायची’ बाजू, असं आम्ही धरून चाललो होतो. परदेशी अभ्यासांतही बहुतेक ठिकाणी हेच धरतात, आणि तिथे ते चालूनही जातं. पण नोंद ज्याची आहे तेच ती सांगते. ही नोंद ‘पाठवलं’ची होती. ‘पोचलं’ची नव्हती. आमच्या प्रश्नात शब्द होता ‘मिळाली का’. मिळणं म्हणजे काय, हे ठरवण्याचा हक्क आजीचा की सरकारी पोर्टलचा? मी आजीच्या बाजूने मत देईन. सर तेव्हा पोर्टलच्या बाजूने होते.

मग मधे पैसे कुठे अडकले? आधी रीत अशी होती की तहसीलमधून नावं आणि खातेनंबरांची यादी बँकेकडे जायची, बँक त्या खात्यात रक्कम टाकायची. पुढे राज्याने हे पैसेही थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात पाठवायला सुरुवात केली. या रीतीत अर्जावर कोणता खातेनंबर आहे याला अर्थ उरत नाही. आधार क्रमांकासमोर राष्ट्रीय देयक यंत्रणेच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव शेवटी चढलं आहे, त्या बँकेत पैसे जातात. माणसाची खाती चार असोत, नोंदीत बँक एकच, आणि नवी चढली की जुनी आपोआप उतरते.

कोणती बँक चढली आहे हे ऑनलाइन दिसतं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आजीच्या आधारला जोडलेला मोबाइल नातवाचा, नातू परळला. तो ड्युटीवर. संध्याकाळी सात वाजता त्याने फोन उचलला, ओटीपी सांगितला, आणि पडद्यावर आजीने कधी न ऐकलेल्या बँकेचं नाव आलं.

नातू दचकला. “म्हणजे कोणी आजीचे पैसे खाल्ले काय?”

सून पदर सावरत म्हणाली, “बाजारात अंगठो लावन पैसे काढूचा दुकान आसा नाय, थय एकदा मीच घेवन गेललंय. बँकेत लाइन होती. त्याने काय काय केल्यान, दोन वेळा अंगठो घेतल्यान.”

पुढचा तर्क मी केला आणि तो बँकेत खरा ठरला. शून्य शिलकीचं एक नवं खातं आजीच्याच नावाने उघडलं गेलं होतं, आणि आधारची नोंद तिथे सरकली होती. कोणी मुद्दाम केलं की कामाच्या ओघात झालं, हे मी शोधलं नाही. मी चौकशी अधिकारी नव्हते.

तिसरी भेट: सगळेच खरे

तिसऱ्या वेळी सून, आजी आणि मी रिक्षाने तालुक्याला गेलो. त्या नव्या खात्यात पैसे होते. महिन्यामागून महिने शिस्तीत जमा, एकही रुपया कोणी काढलेला नाही. आजीला पावतीवर लिहिलेला शिलकीचा आकडा दोनदा वाचून दाखवला. तिने विचारलं, “माजेच मा?” मग तिच्या जुन्या बँकेत आधार पुन्हा जोडण्याचा फॉर्म भरला. नव्या खात्यातले पैसे काढण्यासाठी अंगठा तीन वेळा उमटला नाही, चौथ्यांदा उमटला. काजू सोलणाऱ्या हातांच्या रेषा पुसट होतात, हे तिथल्या मुलाला ठाऊक होतं. त्याने न सांगता ओला रुमाल पुढे केला.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडत होते. यादी म्हणत होती ‘जमा’, ते खरं. पासबुक म्हणत होतं ‘आले नाहीत’, तेही खरं. आजी म्हणत होती ‘मिळत नाही’, तेही. आणि पहिल्या फेरीतलं तिचं ‘नाही’ तर शब्दामुळे आलेलं, त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही. चुकीच्या प्रश्नाला चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळालं होतं. मी पहिल्या भेटीनंतर तिथेच थांबले असते, तर ‘नाही’चं ‘हो’ करून, तक्ता ‘सुधारून’, खरं असलेलं उत्तर खोटं करून ठेवलं असतं. आणि तो तक्ता आधीपेक्षा जास्त नीटनेटका दिसला असता.

मग लिहायचं काय

सरांशी बरंच भांडण झालं, सभ्य भाषेत. त्यांचं म्हणणं, हो-नाहीचा एक रकाना हवाच, नाहीतर पुढचं विश्लेषण होत नाही. माझं म्हणणं, एका रकान्यात चार गोष्टी कोंबल्या तर विश्लेषण होतं, पण कशाचं ते कळत नाही. शेवटी रकाने चार झाले: यादीत नाव आहे का, पैसे पाठवले गेले का, हातात आले का, आणि ती स्वतः काय म्हणते. चौथा रकाना आम्ही कधीही दुरुस्त करत नाही.

हो-नाहीच्या उत्तरातली चूक वजनकाट्याच्या चुकीसारखी नसते, हे सरांनीच मला शिकवलं होतं. काटा कधी थोडं जास्त दाखवतो, कधी कमी, पुष्कळ वेळा तोललं की सरासरीत फिटतं. इथे तसं नाही. ज्याला मिळतं तो चुकला तर ‘नाही’कडेच चुकणार, ज्याला मिळत नाही तो ‘हो’कडेच. चूक नेहमी सत्याच्या उलट बाजूला. त्यातून चुकणारी माणसं जर म्हातारी, एकटी, निरक्षर असतील, तर योजनेचा उपयोग नेमका जिथे जास्त तिथेच तो कागदावर दिसेनासा होतो. मग योजना कुचकामी आहे असा निष्कर्ष निघतो आणि तो शास्त्रशुद्ध दिसतो.

पात्रतेच्या रकान्याने तर आमची पुरती फजिती केली. लाभ घेणाऱ्यांचं प्रमाण काढायचं म्हणजे वर लाभार्थी, खाली पात्र माणसं. वरचा आकडा नोंदीतून, खालचा सर्वेक्षणातून. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. आम्ही घरोघर खर्च विचारला होता, मासळी, गॅस, डॉक्टर, मोबाइलचा रिचार्ज. त्या हिशेबाने १,७५० मध्ये बसणारं घर शोधावं लागेल. खुद्द पेन्शनचे १,५०० गुणिले १२ म्हणजे १८,०००, लाभ घेतला की माणूस मर्यादेच्या उंबरठ्यावर येऊन बसतो. तेव्हा आमच्या तक्त्यात काय आलं? पात्र जवळजवळ कोणी नाही आणि लाभार्थी भरपूर, बहुतेक ‘अपात्र’. बातमीचा मथळा तयार. वास्तविक उत्पन्नाचा दाखला आणि उत्पन्न या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे तलाठ्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, फक्त संशोधकाला माहीत नसतं. त्याच घराला रेशनच्या प्राधान्य यादीसाठी ग्रामीण मर्यादा ४४,००० ची आणि लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची. एकच पडवी एका कागदावर संपन्न, दुसऱ्यावर गरीब. आम्ही शेवटी ‘अपात्र’ हा शब्दच अहवालातून काढला आणि ‘दाखल्यानुसार पात्र’ आणि ‘खर्चानुसार अंदाज’ असे दोन वेगळे आकडे ठेवले.

त्यात मुंबईचा प्रश्न. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली, आणि २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. कमावता मुलगा परळला असेल तर त्याचं उत्पन्न आजीच्या कुटुंबाचं धरायचं का? तो गणपतीला आठ दिवस येतो, तेव्हा त्याच चुलीवर जेवतो. आम्ही सर्वेक्षण भाद्रपदात ठेवलं नाही एवढं एकच काम पहिल्याच झटक्यात बरोबर केलं होतं. त्या आठ दिवसांत मोजलं असतं तर गावातली घरं दुप्पट भरली असती.

जे केलं नाही

नोंदी जोडताना जे बघायला गेलो नव्हतो तेही दिसतं. एका ओळीत लाभ चालू होता आणि घरच्यांनी माणूस वारल्याचं सांगितलं होतं. आणखी एका घरी दुचाकी, दोन मजले आणि यादीत नाव. सर्वेक्षणाला गेलेल्या आमच्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, हे तहसीलला कळवायचं नाही का?

कळवलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात संशोधनाला आणि सांख्यिकीला सवलत आहे, पण एका अटीवर, त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेतला जाता कामा नये. कायदा नसता तरी आमचं उत्तर तेच असतं. लोकांनी दार उघडलं ते अभ्यासाला. त्याच दारातून तक्रार बाहेर गेली असती तर पुढच्या दहा वर्षांत त्या खाडीपट्ट्यात कोणाही सर्वेक्षकाला चहासुद्धा मिळाला नसता.

मग आजीला बँकेत नेलं ते कसं चाललं? यावर आमच्यात एकमत नाही. मी म्हणते, तिचीच माहिती तिला सांगितली, तीही तिने विचारल्यावर. सर म्हणतात, निरीक्षकाने हात लावला की ते घर अभ्यासातून बाद, आणि ते बरोबर आहे. तिची ओळ ‘हस्तक्षेप झाला’ असा शेरा मारून मुख्य विश्लेषणातून वगळली. जोडणीसाठी ज्या घरांनी संमती दिली नाही, ती घरं मात्र आधीच वगळलेली होती, आणि ती सरसकट कशीही विखुरलेली नव्हती. लाडकी बहीणच्या पडताळणीची चर्चा गावात जोरात होती, तेव्हा ज्यांना कार्ड वेगळं केल्याचं उघड होण्याची, नाव कापलं जाण्याची धास्ती होती त्यांनीच हात आखडला. घाबरलेली घरं गळाली की उरलेल्या घरांवरून काढलेलं चित्र धिटांचं असतं. अहवालात आम्ही हे एका परिच्छेदात लिहिलं. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा होता.

राहिली पलीकडच्या वाडीतली नावाची दुसरी बाई. आमच्या आजीची ओळख आता पक्की झाली, म्हणून यादीतली ओळ हिची नाही हेही पक्कं झालं. सर्वेक्षणात तिनेही ‘नाही’च सांगितलं होतं. वय बसतं, चूल वेगळी, मूल नाही, आणि यादीत ती नाही. मी तिच्याकडे गेले तेव्हा घर बंद होतं. शेजारणीने सांगितलं, भाचीकडे डोंबिवलीला नेली, पावसाळ्यानंतर येईल. तिच्या ओळीत ‘जुळणी’च्या रकान्यात ० आहे, आणि शेऱ्यात मी लिहिलं आहे, ‘श्रावणबाळचा अर्ज केला होता का, हे विचारायचं राहिलं.’

आजीला मी नंतर एकदा बाजारात भेटले. पैसे जुन्या पासबुकात यायला लागले होते. तिने मला थांबवून विचारलं, “मगे आता ह्या पेन्शन म्हणान लिवलंस काय गो?”

“नाय आजये. श्रावणबाळ म्हणानच लिवलंय.”

“बरां केलंस,” म्हणाली, आणि सुकटीचा भाव करायला वळली.